बिनकानाचा मेंढा

"हे तिघे पुरुष कोण गं?" सायरा एजेने विचारलं. "छान काढलेस पण."

कनिशायने तीन चित्रं चहाच्या वाट्यांना टेकवून ओळीने उभी केली होती. तिने हातातला तळलेला बोरसोक पुन्हा ताटात ठेवला.

"आपा, त्या बायका आहेत."

सायरा एजेने, म्हणजे आमच्या किर्गिझ बोलीत सायराताईने, चष्मा काढला, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. पहिल्या चित्रात वेल्डिंगचा मुखवटा चढवलेलं कोणीतरी होतं, त्याच्या भोवती ठिणग्या. दुसऱ्यात ट्रकखालून बाहेर आलेले दोन बूट. तिसऱ्यात घोड्याचा मागचा भाग आणि त्याच्या खुराशी वाकलेली एक रुंद पाठ.

"हा घोडा मात्र नक्की घोडाच आहे," ती लेकीची समजूत काढत म्हणाली.

कनिशायच्या डोळ्यांत पाणी आलं. बिश्केकच्या कलाशाळेतल्या गुरुजींनी दोन दिवसांपूर्वी हेच सांगितलं होतं, फक्त जास्त कडक शब्दांत. शेवटच्या वर्षाच्या मोठ्या चित्रासाठी विषय तिने स्वतः निवडला होता: पुरुषांची समजली जाणारी कामं करणाऱ्या बायका. गुरुजींना विषय आवडला होता. चित्रं पाहून मात्र ते म्हणाले, "विषय बायकांचा, आणि बाई शोधायला दुर्बीण आणू का? तिघींना एका मोठ्या चित्रात घे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी परीक्षक मंडळ बसेल. तेव्हा मला तीन बायका दिसल्या पाहिजेत."

गेल्या वर्षी जर्दाळूंच्या वाडग्याच्या चित्राने तिला नापास केलं होतं. आता पुन्हा नापास झाली तर कलाशाळेतून नाव कमी होणार, आणि काराकोलला परत येऊन मामाच्या पीठगिरणीत बसावं लागणार. मामाने जागा झाडूनसुद्धा ठेवली होती.

"लाली लाव की त्यांना," सायरा एजे म्हणाली.

"वेल्डिंग करताना कोण लाली लावतं? खोटं दिसेल."

"मग कानात काहीतरी घाल."

कनिशायने तिन्ही चित्रांवर नजर फिरवली. मग उठून तिने आईच्या गालाचा मुका घेतला. सायरा एजेला पुढे कैक वर्षं वाटत राहिलं, की त्या दिवशी आपण लालीवरच अडून बसायला हवं होतं.

कानातलं म्हणजे घरात एकच होतं. चांदीचं, दोन्ही कानांचं, पोवळी जडवलेलं, खांद्यापर्यंत लोंबणारं. सायरा एजेच्या सासूने ते तिच्या कानात घातलं त्याला अडतीस वर्षं झाली होती. आता ते असिलबेकच्या बायकोच्या कानात जायचं होतं. असिलबेक हा थोरला मुलगा, वय चौतीस, औषधांच्या दुकानात कामाला. गोळ्या मोजताना त्याची चूक झाली नाही आणि मुलीशी बोलताना त्याच्या तोंडून कधी वाक्य पुरं झालं नाही. त्यामुळे कानातलं पेटीतच होतं. ते सायरा एजे कोणाच्या हाती देत नसे, पोटच्या लेकीच्याही नाही. डाव्या बाजूचा आकडा वाकडा होता. तो आधी वर आणि मग आत असा फिरवावा लागे, नाहीतर मोडला असता.

"मीच येते बरोबर," ती म्हणाली. "मी घालीन, मी काढीन. तू नुसती काढ चित्र."

बुरुलचं दुकान बाजारामागच्या लोहारगल्लीत होतं. ती लोखंडी फाटकं करायची, वय एकोणतीस, दंड असे की फाटक एकटीने उचलायची. सायरा एजे पोचली तेव्हा ती कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी होती.

"अगं, चांदी खराब होईल की," सायरा एजे म्हणाली, आणि पिशवीतून नवा पांढरा रुमाल काढून तिने बुरुलच्या डोक्याला घट्ट बांधला. मग कानातलं घातलं. "हलू नकोस. डावीकडचा आकडा नाठाळ आहे." मग मुलगी सकाळपासून उपाशी दिसली म्हणून पोळीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. "उपाशी माणसाचा चेहरा चित्रात ओढलेला येतो."

शेजारच्या दुकानातला म्हातारा कढया ठोकत बसला होता. त्याची हातोडी थांबली. पलीकडच्याचीही थांबली. सगळी लोहारगल्ली थांबली. म्हातारा उठला, दोन्ही तळवे छातीसमोर धरून म्हणाला, "दोघांचं भलं होवो. घर भरो. आमीन."

कोणी तळवे वर धरले की आमच्याकडे माणूस कारण विचारत नाही. आपलेही धरतो आणि चेहऱ्यावरून फिरवतो. सायरा एजेने फिरवले. दोघांचं म्हणजे चित्राचं आणि चित्रकर्तीचं, असं तिला वाटलं. म्हाताऱ्याला कलेची जाण आहे हे पाहून तिला बरंही वाटलं.

मुलाच्या आईने मुलीच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, कानात कानातलं घातलं आणि वडीलधाऱ्या माणसाने आमीन म्हटलं, की आमच्याकडे लग्न ठरलं. हे काराकोलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सायरा एजेने तर स्वतः गल्लीतल्या सात लग्नांत पुढे होऊन हे केलं होतं. पण त्या दिवशी तिचं सगळं ध्यान त्या वाकड्या आकड्यात होतं. रीतीला जे जे लागतं ते ते सगळं तिच्या हातून झालं. मनात रीत तेवढी नव्हती.

चित्र काढून झाल्यावर तिने कानातलं उतरवलं आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "मी जपून ठेवते घरी. तुझंच समज हो. रुमाल राहू दे तुला."

"राहू दे," बुरुल म्हणाली आणि तिने मुखवटा खाली ओढला.

चार दिवसांनी कलिपाकडे असंच झालं. कलिपा ट्रक चालवायची, घाटापलीकडून कोळसा आणायची. ट्रकतळावर धूळ फार, म्हणून पुन्हा रुमाल. सुती मिळाला नाही म्हणून या खेपेला रेशमी. पुन्हा पोळी, पुन्हा एक म्हातारा, पुन्हा आमीन. त्यानंतरच्या रविवारी गुरांच्या बाजारात गुलसुनकडे. ती घोड्यांना नाल ठोकायची. तिथे तर चाळीस माणसांनी एकदम तळवे वर केले आणि एक घोडा बुजला.

"आपल्या गावात चित्रकलेला एवढा मान आहे हे मला माहीत नव्हतं," सायरा एजे परतताना म्हणाली.

घरी भेटी येऊ लागल्या. कोणीतरी फाटकाशी सायीचं मडकं ठेवून गेलं. कोणी सुक्या जर्दाळूंची पिशवी पाठवली. एके सकाळी दारात अर्धा ट्रक कोळसा ओतलेला दिसला, तोही मे महिन्यात. सायरा एजेने सगळं लेकीच्या कलेच्या खात्यावर घातलं.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या चित्रात तिघी आल्या, चेहरे आले, हात आले. कान तेवढे राहिले.

"एकीचं कानातलं काढ आणि तेच तिघींना उतरव की," सायरा एजे म्हणाली.

"प्रत्येकीच्या मानेवर ते वेगळं लोंबतं, आपा. आणि तिघींना एकत्र बसवल्याशिवाय उजेड जुळणार नाही. मला रविवारचा एक दिवस हवा. सोमवारी पहाटेच्या गाडीने मी चित्र घेऊन निघते."

सायरा एजेने तिघींना निरोप धाडला. एकट्या मुलीला घरी बोलवायचं आणि घरच्यांना नाही, हे तिच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. निरोप असा गेला: "रविवारी कामाच्या कपड्यांत ये. घरच्यांनाही आण. जेवूनच जायचं आहे." आणि माणसं येणार म्हणून तिने एक मेंढा सांगितला.

रविवारी सकाळी पहिला आला बुरुलचा बाप, मामबेत. डोक्यावर ठेवणीतला उंच पांढरा कल्पाक, मागे हातगाडीवर नव्या कोऱ्या गोधड्यांची चळत. त्याने फाटकात सायरा एजेचे दोन्ही हात हातात घेतले.

"विहीणबाई," तो म्हणाला, "गोधड्या अकरा आहेत. बारावीचा कापूस कमी पडला, तेवढं सांभाळून घ्या."

सायरा एजे गोधड्यांकडे बघत राहिली. मग तिला रुमाल आठवला. मग पोळी. मग कढईवाल्या म्हाताऱ्याचे तळवे. तरी तोंडातून सवयीने शब्द आले, "या, या, आत या. चहा तयार आहे."

त्याला आतल्या खोलीत मानाच्या जागी बसवून ती धावत अंगणात आली. कनिशाय चित्र उभं करत होती.

"कनिशाय, घात झाला. मी बुरुलशी असिलबेकचं लग्न ठरवलंय."

"कधी?"

"तीन आठवडे झाले." तिला धाप लागली. "आणि कलिपाशी ठरवलं त्याला दोन आठवडे होऊन गेले. आणि गुलसुनशी... अगं, तिथे तर चाळीस साक्षीदार होते."

कनिशायने कुंचला खाली ठेवला, आईकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि कुंचला पुन्हा उचलला.

"सांगून टाकायला हवं," सायरा एजे म्हणाली.

"सांग. पण संध्याकाळी सांग."

"माणसं फसतायत गं."

"आपा, आत्ता सांगितलंस तर तिन्ही घरं भांडून निघून जातील आणि आपापल्या मुलीही नेतील. माझे सहा कान राहिलेत. सहा कान झाले की तू सगळं सांग, मी पाया पडते सगळ्यांच्या. नाही झाले तर उद्यापासून मी गिरणीत."

सायरा एजेने गिरणीत पांढरीफटक बसलेली लेक डोळ्यांसमोर आणली. तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. कलिपा स्वतः चालवत आली होती, शेजारी मामा आणि मागच्या हौद्यात दोन मावश्या, खुर्च्यांवर बसून.

त्यांना सफरचंदांच्या झाडाखाली बसवलं. तिसरे आले गुलसुनचे आजोबा, घोड्यावरून. त्यांच्यासाठी जागाच उरली नाही, म्हणून कुंपणापलीकडच्या दुंगान जमातीच्या शेजारणीच्या, ऐशाच्या ओट्यावर त्यांची बैठक मांडली.

"इथे का?" आजोबांनी विचारलं.

"सर्वांत मानाच्या पाहुण्याला आम्ही गडबडीत बसवत नाही," सायरा एजे म्हणाली. अडतीस वर्षांच्या संसारात ती इतकं खोटं बोलली नव्हती, आणि अजून सकाळचे दहाच वाजले होते.

असिलबेक दुकानातून आला. सायरा एजेने त्याला गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझी कुठली?"

"कुठलीच नाही. तिघीही."

"केव्हापर्यंत?"

"कान होईपर्यंत."

"दिवसातून किती वेळा जायचं?"

"चहा संपेल तसं."

असिलबेकने मान हलवली. हे त्याला समजण्यासारखं होतं. किटली घेऊन तो आतल्या खोलीत गेला, तिथून झाडाखाली, तिथून कुंपण ओलांडून ओट्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून. तो बोलत नव्हता, ते तिन्ही ठिकाणी विनयात जमा झालं. मामबेतला खोकला होता. असिलबेकने विचारलं, "कोरडा की ओला?" आणि ते त्याच्या आयुष्यात पाहुण्यासमोर बोललेलं पहिलं पुरं वाक्य ठरलं. मावश्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचा विषय निघाला. आजोबांच्या न येणाऱ्या झोपेचा निघाला. दुपारपर्यंत तिन्ही घरांत तो हवाहवासा झाला.

"असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," थोरली मावशी झाडाखाली म्हणाली. "माझा मेला वीस वर्षांत माझ्या गुडघ्याला काय झालं विचारत नाही."

अंगणाच्या मधोमध तिघी बसल्या होत्या. बुरुलने मुखवटा कपाळावर चढवला होता, कलिपाच्या मांडीवर ट्रकचं चाक होतं, आणि गुलसुनच्या मांडीवर आजोबांच्या घोड्याचा पाय. घोड्यालाही हलायची मनाई होती. आधी बुरुलचे कान झाले. मग सायरा एजेने आकडा वर करून, आत फिरवून कानातलं उतरवलं आणि कलिपाला घातलं. आतल्या खोलीची खिडकी उघडली.

"विहीणबाई, आमच्या मुलीचं कानातलं त्या ड्रायव्हरणीच्या कानात कसं?"

"चित्रासाठी हो, मामबेतभाऊ. बिचारीला स्वतःचं नाही."

मामबेत विरघळला. "मोठ्या मनाची आहे आमची बुरुल. घेऊ दे, घेऊ दे तिला घटकाभर."

हेच थोड्या वेळाने सायरा एजेने झाडाखाली सांगितलं, बुरुलबद्दल. मावश्या हळहळल्या. "वय वाढलं असेल बिचारीचं. आणि ती घोड्याखालची? तिच्याकडे तर कोणी बघणारसुद्धा नाही."

इथवर सगळं निभावलं असतं. पण चार वाजता मेंढा शिजला.

मेंढ्याचं डोकं सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. त्याने त्याचा एक कान कापून घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्यायचा आणि डोकं पुढे सरकवायचं. मानाचे पाहुणे तीन होते, आणि मेंढा एक. सायरा एजे परातीकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिली.

"डोकं परत येतंच की," ऐशा म्हणाली. "फिरव."

म्हणून डोकं आधी मामबेतपुढे गेलं. त्याने उजवा कान कापून बाजूला ठेवला. सायरा एजेने परात लगबगीने उचलली, डोक्याची डावी बाजू पुढे येईल अशी फिरवली, वर कोथिंबीर भुरभुरली आणि ती झाडाखाली नेली. कलिपाच्या मामाने डावा कान कापला. मग परात पुन्हा स्वयंपाकघरात आली, आणि दोघी बायका त्या डोक्याकडे बघत बसल्या.

"जिभेचा तुकडा लावू या?" ऐशा म्हणाली.

"कांदा लाव."

कांद्याच्या दोन जाड चकत्या बसवून डोकं कुंपणापलीकडे गेलं. आजोबांनी सुरी उचलली, डोकं फिरवून पाहिलं, सुरी खाली ठेवली.

"विहीणबाई," ते सायरा एजेला म्हणाले, "साठ वर्षं जनावरांत गेली माझी. लंगडा मेंढा पाहिलाय, एकशिंगी पाहिलाय. कांद्याचे कान असलेला पहिल्यांदाच बघतोय."

"काही काही जातींत..."

"कुठल्या जातींत?"

सायरा एजेने कांद्याची एक चकती सरळ केली. आजोबा परात घेऊन उठले आणि कुंपणाच्या फटीतून अंगणात आले.

तिकडे मामबेत उजवा कान हातात धरून घरभर लहान मूल शोधत होता. घरात मूल नव्हतं. सर्वांत लहान कनिशाय, असं असिलबेकने सांगितलं, म्हणून तो अंगणात निघाला. झाडाखालून कलिपाचा मामाही त्याच कामाला निघाला होता, डावा कान घेऊन. त्यामुळे तिघेही एकाच क्षणी चित्राच्या लाकडी घोडीपाशी पोचले. एकाच्या हातात उजवा कान, एकाच्या डावा, आणि एकाच्या परातीत डोकं.

आजोबांनी दोन्ही कानांकडे पाहिलं. मग डोक्याकडे.

"आता समजलं," ते म्हणाले. "पण काय समजलं ते समजलं नाही."

नेमकं तेव्हा, आजोबांच्या पुढे धावत आलेली सायरा एजे गुलसुनच्या डाव्या कानातला वाकडा आकडा आत फिरवत होती.

"विहीणबाई?" मामबेत म्हणाला.

"विहीणबाई?" कलिपाचा मामा म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सायरा एजेने आकडा बसवला, हात पुसले आणि सगळं सांगितलं. लाली, कानातलं, काजळी, धूळ, रुमाल, पोळी, आमीन. "मला चित्र दिसत होतं, रीत दिसलीच नाही," ती म्हणाली. "सकाळी कळलं, तरी सांगितलं नाही. पोरीचं वर्ष जाईल म्हणून. चूक सगळी माझी. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला एवढे दोन कान पुरे करू द्या."

मावश्या खुर्च्या सोडून आल्या. मग बोलायला सुरुवात झाली, आणि सगळ्यांनी एकदमच केली. पण सायरा एजेला वाटलं होतं तसं ते नव्हतं. अपमानाबद्दल कोणी बोलत नव्हतं.

"पहिल्यांदा घातलं आमच्या बुरुलला," मामबेत म्हणाला. "पहिलं ते खरं. बाकीचं चित्र."

"तुमचा रुमाल सुती," थोरली मावशी म्हणाली. "आमचा रेशमी. मनात कोण होतं ते रुमालावरूनच कळतं."

"कानातलं आत्ता कोणाच्या कानात आहे ते बघा आणि मग बोला," आजोबा म्हणाले. "शिवाय चाळीस साक्षीदार. हवेत तर उद्या घेऊन येतो."

"आजोबा," चित्रामागून कनिशायचा आवाज आला, "परात थोडी खाली धरता का? उजेड अडतोय. आणि बाकी कोणी हलू नका. असेच भांडा."

"पोराला विचारा ना," धाकटी मावशी म्हणाली. "बोल रे बाळा, यातली कुठली?"

असिलबेक किटली घेऊन उभा होता. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं, घोडासुद्धा.

"जेवणानंतर सांगितलं तर चालेल?" तो म्हणाला.

तेव्हा बुरुल बोलली. मान न हलवता, कारण मान हलवायची नव्हती. "बाबा, मी पहिली हे खरं. पण या दोघींची मनं मोडून मी सुखाने नांदेन कशी? मी थांबते. आधी कलिपाचं होऊ द्या."

"छे," चाक सावरत कलिपा म्हणाली. "बुरुलच्या आधी मी कशी? लोक काय म्हणतील? गुलसुनचं होऊ द्या."

"मी सर्वांत शेवटची," घोड्याचा पाय धरून गुलसुन म्हणाली. "माझा हक्क कुठे? या दोघींचं झाल्याशिवाय मी उभी राहायची नाही."

मावश्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. हल्लीच्या काळात इतक्या समजूतदार मुली कुठे बघायला मिळतात? मामबेतने कल्पाक काढून पुन्हा घातला. बराच खल झाल्यावर असं ठरलं, की घातलेलं कानातलं मोडायचं नाही, ते अशुभ. तिघींपैकी दोघी आपण होऊन मागे सरेपर्यंत थांबायचं. सफरचंदं उतरली की पुन्हा बसू. मग आजोबांनी डोकं मधोमध ठेवलं, कान दोन्ही कनिशायला मिळाले, आणि सगळे एकाच चादरीभोवती जेवले.

जेवणानंतर सायरा एजे हातांवर पाणी घालत होती. बुरुल हात पुढे करून हळूच म्हणाली, "एजे, तुम्ही सफरचंदांची घाई करू नका."

"म्हणजे?"

"आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कलिपाच्या ट्रकचा हौदा मीच जोडते, गुलसुनच्या नाली मीच करते. तिघी बसून हसलो. पण तीन आठवडे घरात कोणी 'लग्न कधी' विचारलं नाही. बाप माझ्यासमोर चहाची वाटी आणून ठेवतो. लग्न ठरलेली मुलगी म्हणून रात्रीचं दुकान उघडं ठेवलं तरी कोणी बोलत नाही." तिने हात झटकले. "आम्हीच घरी सांगितलं होतं, बाहेर बोलू नका, नजर लागते."

"आणि असिलबेक?"

"त्याला विचारा की."

विचारायची गरज नव्हती. तो ओट्यावर पाय पसरून बसला होता. घरात गेली दहा वर्षं रोज जेवताना त्याला जे ऐकावं लागे, ते आता कोणाला म्हणता येणार नव्हतं.

सोमवारी चित्र बिश्केकला पोचलं. त्यात तीन बायका होत्या, शांत, कामात, कानांत चांदी. आणि त्यांच्याभोवती तोंडं उघडी टाकून भांडणारी माणसं होती, कारण कनिशायला उजेड होता तोवर हात थांबवता आले नव्हते. परीक्षक मंडळ पाऊण तास चित्रासमोर उभं होतं. त्यातला वेळ बहुतेक बिनकानाच्या मेंढ्यावर गेला. एकाने सांगितलं की बायकांचं म्हणणं ऐकायला समाजाला कानच नाहीत, असा त्याचा अर्थ. दुसऱ्याने दोन म्हाताऱ्यांच्या हातांतले कापलेले कान दाखवून विचारलं, की मग ते कान वडीलधाऱ्यांनीच कापले असं सुचवायचं आहे का? कनिशाय म्हणाली, "हो." ती पहिल्या श्रेणीत पास झाली.

सफरचंदं उतरली. कोणी मागे सरलं नाही. पुढच्या वर्षीचीही उतरली. सायरा एजेचं फाटक नवं झालं, कोळसा वेळेवर येऊ लागला. घरात सून आली नाही ही सल होती, पण रविवारी तीन सुना जेवायला येत आणि भांडी घासून जात, हे किती सासवांच्या नशिबी असतं?

आणि एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर एक उंच मुलगी उभी होती, कमरेला जाड पट्टा, खांद्यावर तारांचं वेटोळं.

"सायरा एजे तुम्हीच ना? मी विजेच्या खांबांवर चढते. चित्रासाठी आले होते."

"कनिशाय आता बिश्केकला असते गं. इथे कोणी चित्र काढत नाही."

मुलीने मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे एक ठेंगणी बाई हात कमरेवर ठेवून उभी होती.

"चित्र नसलं तरी चालेल, एजे," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "ती माझी आई. गेले सहा महिने रोज एक मुलगा दाखवतेय."

सायरा एजेने त्या बाईकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग ती आत गेली आणि पेटी उघडली.

"डावीकडचा आकडा नाठाळ आहे," बाहेर येत ती म्हणाली. "आणि जरा उजेडात ये. तिला नीट दिसलं पाहिजे."